डाळीमागची पाचवी बशी

मनोरमा पाष्टे चुकते, असं शांती नगरात कोणी म्हणत नसे, आणि म्हटलं तर तिला ते ऐकू जात नसे. तिथल्या सेक्टरांमधल्या सत्तावन्न बाळांना तिने न्हाऊ घातलं होतं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी मनोरमाबाईंना निरोप जायचा. मग बाई यायच्या, पाटावर पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर घ्यायच्या आणि घरातल्या झाडून सगळ्यांना कामाला लावायच्या. तेल कोमट की गार, पाणी किती, टाळू कशी भरायची, यात कोणी मधे तोंड घातलं की बाई नुसतं बघायच्या. तेवढ्याने भागायचं. न्हाणं झालं की बाळाला कोवळं ऊन दाखवायचं, हा शेवटचा नियम. "उन्हाशिवाय बाळ म्हणजे दमट गादी," असं त्या सगळ्यांना सांगायच्या, डॉक्टरांनासुद्धा.

अशा बाईच्या घरात, २००६ सालच्या डिसेंबरात, पलंगाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पन्नास जिवंत कृमी होते आणि त्यांना अंधारात ठेवायचं, अशी सक्त ताकीद होती.

कृमी मिनलचे. मिनल ही मनोरमाबाईंची एकुलती एक लेक, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तारोडीच्या नाथाभाऊंच्या विहिरीत पायरीच्या दगडाखाली तिला ते सापडले होते. चपटे, नखाएवढे, कुळथासारखे तपकिरी, पुढे दोन तिरळे डोळे. "काय न्हाय त्यात, घेऊन जा बाय," असं म्हणून नाथाभाऊंनी बादली भरून दिली होती. मनोरमाबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं, की मिनलने एकाचं डोकं ब्लेडने उडवलं आणि तरी तो मेला नाही. आठवड्याभरात त्याला नवं डोकं आलं, डोळ्यांसकट. तेव्हापासून बाईंच्या मनात त्या जिवांबद्दल एक आदर होता. शेजारच्या हंसाबेनला मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. हंसाबेन जैन, रोज सकाळी देरासरात, म्हणजे त्यांच्या देवळात, जाणारी, पाणीसुद्धा गाळून, उकळून पिणारी. डोकं कापायची गोष्ट ऐकून ती महिनाभर या घरचा चहा प्यायली नसती.

मिनलचा सगळा अभ्यास त्या नव्या डोक्यावर होता. नवं डोकं यायचं ते पांढरंफटक, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. मग हळूहळू त्यात रंग भरायचा. सहा महिने मिनलने चित्रं काढली, फोटो घेतले, आणि तिचे मार्गदर्शक वाघुळदे सर एके दिवशी म्हणाले, "हा रंग येतो कुठून? जुन्या अंगातल्या रंगपेशी सरकत सरकत नव्या डोक्यात जातात, की तिथे कोऱ्या मूळपेशींपासून नव्या रंगपेशी तयार होतात? हे सांगता आलं तर अभ्यास. नाहीतर हा नुसता फोटोंचा अल्बम आहे, मिनल."

जुनं अंग तपकिरी, नवा रंगही तपकिरी. कोण कुठून आलं ते कसं कळणार? जानेवारीत परीक्षक यायचे होते. शिवाय पुण्याच्या एका संस्थेत याच कामासाठी एकच जागा होती, आणि ती मिनलला मिळायची का नाही, हे त्याच दिवशी ठरायचं होतं. पोरीची झोप उडाली होती. तशातच पुण्याला पंधरा दिवसांचं एक प्रशिक्षण निघालं आणि ती गेली. जाताना आईला बजावून गेली: पाच डिश आहेत, प्रत्येकीत दहा. रोज पाणी बदल. आठवड्यातून दोनदा अंड्याचा पिवळा बलक, चिमूटभर. आणि अंधारात ठेव, आई. अंधारात.

"बरं," मनोरमाबाई म्हणाल्या. बाईंचं "बरं" म्हणजे नुसती पोच असते, होकार नसतो, हे मिनलला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

पाणी त्यांनी रोज बदललं, तेही माठातलं. अंड्याचं मात्र जमण्यासारखं नव्हतं. मार्गशीर्ष चालू होता. मार्गशीर्षात या घरात अंडं शिजत नाही, मग ते माणसासाठी असो की कृमीसाठी. गुरुवारच्या पूजेच्या घरात राहायचं तर घरची रीत पाळायची; पंधरा दिवस उपास घडला म्हणून कोणी मरत नाही. तसे ते मेलेही नाहीत.

राहिला अंधार. पहिल्या सकाळी खोकं उघडून पाहिलं तर सगळे गोळा होऊन तळाशी पडलेले. बिनउन्हाची बाळं अशीच मलूल पडलेली असतात. त्यांनी सूप काढलं, त्यात बशा मांडल्या – मिनल डिश म्हणायची, बाई बशा म्हणायच्या – आणि गॅलरीत कोवळ्या उन्हात नेऊन ठेवल्या. ऊन लागल्याबरोबर सगळे कृमी सैरावैरा पळायला लागले.

"बघा, कशी अंगं मोकळी झाली!" बाई नवऱ्याला म्हणाल्या.

गुणवंत पाष्टे हाटकेशला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यावर होते. दिवसभर यंत्रांचा आवाज ऐकून घरी ते फारसं बोलत नसत. "पळतायत की," एवढंच ते म्हणाले आणि डबा घेऊन निघाले. ते उन्हात खेळत नाहीयेत, उन्हापासून पळतायत, हे त्यांना कळलं होतं का, देव जाणे. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

पाचपैकी चारच बशा उन्हात गेल्या. पाचवीचं झाकण मिनलच्याच हातून फुटलं होतं, आणि गॅलरीत कावळे यायचे. उघड्या बशीत कावळ्याने चोच घातली की दहा जीव एका घोटात खलास. म्हणून ती बशी बाईंनी स्वयंपाकघरातल्या फडताळात, तूरडाळीच्या डब्यामागे ठेवली आणि वर स्टीलची ताटली झाकली. तिचंही पाणी त्याच माठातलं, तिलाही तोच उपास. फक्त ऊन नाही.

असं चौदा दिवस चाललं. दिवसागणिक उन्हातले जीव उजळत गेले. आधी कुळथाचे तांदळासारखे झाले, मग तांदळाचे साबुदाण्यासारखे. बाईंना वाटलं, माठाच्या पाण्याने मळ निघाला. हंसाबेनने एकदा कठड्यावरून वाकून विचारलं, "मनोरमाबेन, ये क्या रखा है धूप में?" तर बाई बेधडक म्हणाल्या, "मिनल की पढाई है," आणि ते खोटंही नव्हतं.

सोळाव्या दिवशी मिनल यायच्या तासभर आधी बाईंनी सूप आवरलं आणि बशा पुन्हा खोक्यात घालून पलंगाखाली सरकवल्या. म्हणजे आपण सांगितल्याबाहेर काही करतोय, हे बाईंना ठाऊक होतं. चूक करतोय, एवढं मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्या घाईत पाचवी बशी फडताळातच राहिली.

मिनल आली, बॅग दारात टाकली आणि तशीच पलंगाखाली वाकली. झाकण उघडलं. बाई मागे उभ्या, चेहऱ्यावर बाळ आईच्या हातात देताना असतो तो तोरा. "बघ कसे गोरे झालेत!"

मिनलने एक बशी उचलली, खिडकीशी नेली, दुसरी नेली, तिसरी नेली. मग ती जमिनीवर बसली, पाय पसरून, लहानपणी रुसली की बसायची तशी. "आई, काय केलंस तू यांना?"

आणि त्या क्षणी मनोरमाबाईंना कळलं, की हे गोरेपण चांगलं नाही. सत्तावन्न बाळांत असं एकदाही झालं नव्हतं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते दुसरंच. "अंडं नाही घातलं. मार्गशीर्ष होता ना गं."

"पंधरा दिवस काहीच नाही?"

"माणसं चार-चार महिने करतात."

मिनलने डोकं हातात धरलं. "उपासमार. रंगच गेला सगळा." मग तिने बशा मोजल्या. "पाचवी कुठेय?"

पाचवी बशी दहा पावलांवर होती. तिच्यातले दहाच्या दहा जीव कुळथासारखे तपकिरी होते, हे बाईंनी सकाळीच पाहिलं होतं. ती बशी पुढे आली की अंड्याची थाप टिकणार नव्हती. उपास तिलाही होता. "धुताना सांडली," बाई म्हणाल्या. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागलं. बाईंची जीभ जराही अडखळली नाही, आणि याचंच त्यांना नंतर सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

पुढचे दोन दिवस त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मिनल टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती, खोडत होती. बाई स्वयंपाकघरात कारण नसताना डबे पुसत होत्या. दिवसातून चारदा फडताळ उघडायचं, ताटली उचलून बघायचं, पुन्हा झाकायचं. ते तपकिरी दहा जीव इकडून तिकडे सरकत असायचे, कशाचं काही नसल्यासारखे. टाकून द्यावेत मोरीत, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. बशी हातात घेतलीसुद्धा होती. पण पायावर घेतलेलं बाळ कधी खाली टाकलं नव्हतं त्या बाईने. हात पुढे जाईना.

गुणवंतराव चिवड्याचा डबा शोधायला म्हणून फडताळात डोकावले. "डाळीमागे पाणी कशाला ठेवलंयस?" त्यांनी विचारलं.

"असू दे," बाई म्हणाल्या.

त्यांनी बायकोकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि चिवडा न घेताच बाहेर गेले. पंचवीस वर्षांच्या संसारात तो माणूस कधी तिच्यावर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला असता तर बरं, असं बाईंना वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मिनलच्या मोबाइलवर वाघुळदे सरांचा फोन आला. ती गॅलरीत उभी राहून बोलत होती. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीतच उघडते, त्यामुळे बाईंना तिचं सगळं ऐकू येत होतं.

"हो सर. जुनं काम गेलंच. पण मी म्हटलं, निदान हे तरी लिहावं. उपासमारीने रंगपेशी नाहीशा होतात, असं. ... नाही सर, चूक माझीच आहे, मी नीट सोय करून जायला हवी होती. ... आईची नाही सर. तिला काय माहीत."

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आपल्या माघारी पोरगी आपल्याला पाठीशी घालतेय.

मग मिनल थोडा वेळ गप्प ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "उपाशी राहिलेला आणि तरी तपकिरी असा? नाही सर. एकही नाही. नक्की. ... हो, तसंच लिहिते."

तसंच लिहिते. जानेवारीत बाहेरचा कोणी शहाणा माणूस येणार, एखादा जीव चार दिवस उपाशी ठेवून बघणार, आणि भर वर्गात आपल्या पोरीला खोटी ठरवणार. खोटं बोलली आई, आणि तोंडघशी पडणार लेक. मनोरमाबाईंनी फडकं खुंटीला अडकवलं, फडताळ उघडलं, डाळीचा डबा बाजूला सारला आणि पाचवी बशी दोन्ही हातांत धरून बाहेर आणली.

"फोन ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "सरांना सांग, एक नाही, दहा आहेत."

मिनलने बशीकडे पाहिलं. तिच्या कानाशी सर "हॅलो, हॅलो" करत होते.

"सांडली नव्हती," बाई म्हणाल्या. एकदा बोलायचं ठरलं की त्यांना अर्धवट बोलता येत नसे. "मी लपवली होती. यांनाही अंडं दिलं नाही. पाणी तेच. फक्त यांना ऊन दाखवलं नाही. त्या चौघींना रोज दाखवलं, चौदा दिवस. तू अंधारात ठेव म्हणालीस आणि मी उन्हात ठेवलं. तू आलीस त्या दिवशी घाबरले, म्हणून खोटं बोलले. चुकलं माझं."

हे शेवटचे दोन शब्द त्या घरात कोणी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मिनलने "सर, नंतर करते," म्हणून फोन बंद केला. तिने बशी घेतली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

बाई दाराबाहेर बसून राहिल्या. त्या दिवशी सेक्टर तीनमधल्या एका बाळाचं न्हाणं होतं, ते त्यांनी निरोप पाठवून पुढे ढकललं. सत्तावन्न बाळांत पहिल्यांदा. दुपारचे दोन वाजले. तीन वाजले. आपण किती खात्रीने केलं सगळं, हे त्यांना राहून राहून आठवत होतं, आणि प्रत्येक वेळी कानशिलं गरम होत होती.

साडेतीनला दार उघडलं. मिनलचे डोळे सुजलेले होते, पण त्यात काहीतरी वेगळंच चमकत होतं. "आई, ऊन किती वेळ दाखवायचीस?"

"रागावू नकोस आता—"

"रागावले आहे. ते नंतर बघू. किती वेळ?"

"नळाला पाणी येऊन गेलं की सव्वासातला गॅलरीत. हंसाबेन देरासरातून परत आली की ऊन चढतं, तेव्हा आत, खिडकीत. दिवे लागेपर्यंत खिडकीत. मग झाकायचं."

"रोज?"

"बाळाला एक दिवस दाखवून दुसऱ्या दिवशी विसरतात का?"

मिनल धपकन तिच्या शेजारी बसली. "आई, ऐक. सहा महिने मी कुठे अडकले होते? जुन्या अंगात रंग होता, म्हणून नवा रंग तिथूनच आला का, हे सांगता येत नव्हतं. आता हे बघ." तिने पांढरी बशी पुढे धरली. "यांच्या अंगात रंगच नाही. भिंगातून पाहिलं, एक ठिपकासुद्धा नाही. आता यांची डोकी कापली आणि अंधारात ठेवलं, तरी नव्या डोक्यात रंग आला, तर तो कुठून येईल?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "शेजारच्या घरात साखरच नसेल, तर माझ्या डब्यातली साखर तिच्याकडून आणलेली नाही."

"तेच!" मिनल म्हणाली, आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाईंनी मग पदर डोळ्यांना लावला. रडायचं त्यांनी तोवर मुद्दाम राखून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम रीतसर सुरू झालं. चारही पांढऱ्या बशांतल्या जिवांची डोकी मिनलने कापली. दोन बशा फडताळात, डाळीमागे, ताटलीखाली. दोन पुन्हा सुपात, उन्हाला. पाचवी तपकिरी बशीही डोकी कापून अंधारात, ताळा पाहायला. मार्गशीर्ष संपला होता, त्यामुळे नवी डोकी फुटल्यावर सगळ्यांना सारखा पिवळा बलक मिळणार होता. ऊन दाखवायचं खातं अर्थातच मनोरमाबाईंकडे. फक्त आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रोजची वेळ लिहायच्या, घड्याळात बघून. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, "७.१५ बाहेर, ८.४५ आत, हंसाबेन वेळेवर."

सातव्या दिवशी सगळ्यांना नवी डोकी आली, पांढरी. आठवा, नववा दिवस गेला. मिनलच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मात्र खुशाल होत्या. "येईल," त्या म्हणायच्या. कशावरून, तर त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण आत्मविश्वास परत आला होता आणि तो रिकामा बसू शकत नव्हता.

दहाव्या सकाळी फडताळातली बशी भिंगाखाली धरली तेव्हा आधी दिसलं ते बाईंनाच. मिनलची नजर कापलेल्या कडेवर होती, जुनं अंग आणि नवं डोकं जिथे जुळतं तिथे. रंग सरकत आला तर तिथूनच येणार.

"कडेला काय बघतेस?" बाई म्हणाल्या. "मधे बघ. दोन डोळ्यांच्या मधे."

तिथे तीन ठिपके होते. रव्याच्या कणापेक्षाही बारीक, तपकिरी, एकमेकांपासून सुटे. कडेपाशी सगळं पांढरं. दुपारपर्यंत दुसऱ्या एका जिवाच्या डोक्यावर पाच दिसले. त्याच सुमाराला जुन्या अंगावरही इकडेतिकडे तुरळक ठिपके उमटायला लागले. उन्हातल्या बशांमध्ये डोकी आली होती, पण पांढरी ती पांढरीच.

"यात नवल काय?" बाई म्हणाल्या. "बाळाचं जावळ मानेवरून वर चढत जातं का? डोक्यावरच उगवतं, जिथल्या तिथे."

मिनलने ते वहीत लिहून घेतलं.

जानेवारीत परीक्षक आल्या. त्या पुण्याच्या त्याच संस्थेतल्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. वर्गाबाहेरच्या बाकावर मनोरमाबाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. आत काय चाललंय ते दाराच्या फटीतून ऐकू येत होतं.

परीक्षक बाईंनी विचारलं, "उन्हाने नुसता रंग विरला असेल, आणि पेशी रिकाम्या होऊन तशाच राहिल्या असतील तर? त्याच पुन्हा भरल्या, असंही म्हणता येईल."

"जुन्या अंगाबद्दल तसं म्हणता येईल, मॅडम," मिनल म्हणाली. "ते मला अजून सांगता येत नाही. पण नवं डोकं मुळात नव्हतंच, तिथे रिकामी पेशी कुठून असणार? आणि ती जुन्या अंगातून सरकत आली असती तर वाटेत कडेला कुठेतरी दिसली असती. ठिपके आधी मधे दिसले. अगदी पक्कं करायचं तर न कापलेल्या पांढऱ्या जिवांना एक्स-रे देऊन मूळपेशी मारून बघायला हवं. मग रंग यायला नको. ते यंत्र तुमच्याकडे आहे."

वाघुळदे सर खोकले. तो हसू दाबल्याचा खोकला होता.

"आणि हे चौदा दिवसांचं ऊन?" परीक्षक बाईंनी विचारलं. "तेव्हा तुम्ही पुण्याला होतात. मोजलं कोणी?"

"माझ्या आईने. ती बाहेर बसलीय."

मनोरमाबाईंना आत बोलावलं. त्या ताठ मानेने आत गेल्या आणि दाखवलेल्या खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या.

"ताई, पावणेनऊला आत घ्यायचात, हे कशावरून?"

"आमच्या हंसाबेन देरासरातून येतात तेव्हा. मी घड्याळाशी ताडून बघितलंय नंतर, सोळा दिवस. दोन मिनिटांच्या वर फरक नाही."

"आणि ही पाचवी डिश उन्हात का नाही ठेवलीत?"

"झाकण फुटलं होतं. कावळे येतात." बाई थांबल्या. इथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. मिनल डोळ्यांनी तसं सुचवतही होती. पण त्यांनी घसा साफ केला. "आणि ती मी दोन दिवस लपवून ठेवली होती, मॅडम. सांडली म्हणून सांगितलं होतं पोरीला. त्या दोन दिवसांत उन्हातल्या बशा पलंगाखाली अंधारात होत्या. ते धरून हिशेब करा. मी सांगितलं नाही तर तुमचा आकडा चुकेल."

परीक्षक बाईंनी पेन उघडलं आणि आपल्या कागदावर ते लिहून घेतलं. "बसा ना, ताई," त्या म्हणाल्या, आणि या वेळी बाई बसल्या.

पुण्याची जागा मिनलला मिळाली. पत्र आलं त्याच आठवड्यात प्रबंधाची बांधलेली प्रत घरी आली, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. सगळं इंग्रजीत. मनोरमाबाईंना इंग्रजी वाचता येत नसे, पण आपलं नाव त्यांना कुठल्याही अक्षरांत ओळखता यायचं. दवाखान्यांच्या वह्यांत कमी वेळा नाही आलं ते. त्यांनी आभाराचं पान उघडलं आणि ओळींखालून बोट फिरवलं. सर होते. कॉलेज होतं. तारोडीचे नाथाभाऊ होते, हंसाबेनसुद्धा होत्या. त्यांनी पुन्हा एकदा, पहिल्या ओळीपासून, बोट फिरवलं. मग पान मिटलं आणि "छान झालंय पुस्तक," म्हणून त्या उठायला लागल्या. आवाज नेहमीसारखा ठेवायला त्यांना बरंच बळ लागलं.

"बस," मिनल म्हणाली. "चुकीच्या पानावर बघतेयस."

तिने एकोणिसावं पान काढलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठी करून वाचलं: "पद्धत. नमुन्यांना सूर्यप्रकाश देण्याचं आणि वेळेची नोंद ठेवण्याचं काम मनोरमा गुणवंत पाष्टे यांनी केलं."

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. पलंगावर बसलेल्या गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला.

"आभार मदत करणाऱ्यांचे मानतात, आई. तू काम केलंस."

बाईंनी ओळीखाली बोट ठेवून विचारलं, "आणि ते दोन दिवस? लपवले होते ते?"

"तेही लिहिलेत. हे बघ, खालच्या ओळीत."

"मग ठीक आहे," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि सेक्टर तीनच्या बाळाला न्हाऊ घालायला उशीर होतोय म्हणून चपला शोधायला लागल्या.